कानशिलाच्या खिडकीतून

कवटीचं हाड सगळीकडे सारखं जाड नसतं. गालाच्या हाडाची कमान जिथून कानाकडे जाते, तिच्या किंचित वर आणि कानाच्या पुढे बोटभर जागेत ते पातळ असतं. माझं बरंचसं काम या बोटभर जागेवर चालतं. मी नागपूरच्या एका रुग्णालयात मेंदूविकार विभागात डॉक्टर आहे. ज्यांना स्ट्रोक येतो, आमच्याकडच्या भाषेत लकवा मारतो, त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या अल्ट्रासाउंडने तपासणं हे माझं रोजचं काम. तपासणीचं पूर्ण नाव ट्रान्सक्रेनियल डॉपलर. वॉर्डात सगळे टीसीडी म्हणतात.

वरून पाहणाऱ्याला यात काही विशेष दिसत नाही. पेशंट उताणा झोपलेला, मी त्याच्या डोक्याशी स्टुलावर. कानशिलावर जेली लावायची, जाड पेनासारखा दिसणारा प्रोब टेकवायचा आणि शोधायला लागायचं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बाया केसांना चापून तेल लावून येतात आणि तपासणीच्या आधी ते पुसायला बघतात. मी पुसू देत नाही. ध्वनिलहरींना हवा अडवते, तेल अडवत नाही. जेलीचं कामही मधली हवा घालवण्याचंच असतं. मग प्रोब मिलिमीटरच्या हिशोबाने सरकवायचा. मनगट हलवायचं नाही, बोटांनी नुसता तिरपा करायचा, कधी किंचित पुढे, कधी किंचित वर. करंगळी पेशंटच्या गालाला टेकलेली ठेवायची, म्हणजे त्याने मान हलवली तरी हात त्याच्याबरोबर जातो आणि सापडलेली जागा सुटत नाही. आधी नुसती खरखर येते. एका विशिष्ट कोनात एकदम नाडीच्या ठेक्यावर ‘हुश्श, हुश्श’ सुरू होतं आणि पडद्यावर टेकड्यांची रांग उमटू लागते. या जागेला आम्ही खिडकी म्हणतो. ती सापडली की पुढची तपासणी सुरू होते.

सगळ्यांना ही खिडकी असतेच असं नाही. साधारण १० ते २० टक्के लोकांमध्ये तिथलं हाड ध्वनिलहरींना वाट देत नाही, आणि वयस्कर बायकांमध्ये हे प्रमाण जास्त. म्हणून काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा रक्तवाहिनी बंद आहे की हाडच आड येतंय, हा पहिला प्रश्न पडायला हवा. उत्तर शेजारच्या रक्तवाहिन्या देतात. त्याच खिडकीतून मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या भागाकडे जाणाऱ्या धमन्या नीट ऐकू आल्या आणि मधली तेवढी मुकी राहिली, तर खिडकी उघडी आहे आणि मधली धमनी बंद आहे. तिन्ही मुक्या असतील, तर रिपोर्टमध्ये ‘खिडकी मिळाली नाही’ एवढंच लिहायचं. हे वाक्य लिहायला नव्या डॉक्टरांना अवघड जातं, कारण त्यात आपण काही शोधलं असं दिसत नाही. पण त्या एका वाक्यावर पेशंटला सीटी अँजिओग्राफीला पाठवायचं की नाही ते ठरतं, म्हणून ते स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं.

मानेतल्या रक्तवाहिन्या डॉपलरने आधीपासून तपासल्या जात होत्या. कवटीच्या आत मात्र जाता येत नव्हतं. मानेसाठी वापरतात ती जास्त कंपनसंख्येची लहर हाडात शिरली की तिथेच विरते. १९८२ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे रुने आस्लिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ मेगाहर्ट्‌झची, म्हणजे बरीच खालची लहर घेतली आणि कानशिलाच्या पातळ हाडातून मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांमधला रक्ताचा वेग मोजून दाखवला. मूळ तत्त्व त्याहून १४० वर्षं जुनं आहे. ख्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ साली प्रागमध्ये ते मांडलं, तेव्हा त्यांच्यापुढे जोडताऱ्यांचा रंग हा विषय होता. जवळ येणाऱ्या किंवा दूर जाणाऱ्या वस्तूपासून येणारी लहर बदललेली असते आणि त्या बदलावरून वेग कळतो. आमच्या बाबतीत ती हलणारी वस्तू म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी. २ मेगाहर्ट्‌झच्या लहरीसमोर रक्त सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने येत असेल, तर परतणाऱ्या लहरीत सुमारे १,३०० हर्ट्‌झचा फरक पडतो, आणि ही कंपनसंख्या माणसाच्या कानाला सहज ऐकू येते. त्यामुळे मशीनला आवाज वेगळा तयार करावा लागत नाही. मोजलेला फरकच स्पीकरवर सोडला की तो ऐकू येतो.

ज्या सरांकडे मी हे शिकले, ते सुरुवातीला पडद्याकडे पाहू देत नसत. ‘आधी ऐक. बघायचं नंतर,’ म्हणायचे. तेव्हा ते जाचक वाटायचं. नंतर त्यातलं कारण उमगलं. पडद्यावरचा आकडा कोनावर अवलंबून असतो. प्रोब थोडा तिरपा पडला की वेग कमी दिसतो. कान मात्र सांगतो की आवाज अजून खुलायचा आहे, अजून थोडं पुढे जा. आवाज सर्वांत भरीव होतो, तिथे थांबायचं आणि मग आकडा वाचायचा. धमनीच्या मागोमाग जाणंही कानानेच शिकवलं. ४५ ते ६५ मिलिमीटर खोलीवर मेंदूची मधली धमनी सापडते. तिच्यातलं रक्त आपल्या दिशेने येतं, म्हणून तिची टेकडी रेघेच्या वर उमटते. खोली वाढवत गेलं की साधारण ६५ च्या आसपास वर आणि खाली दोन्ही बाजूंना टेकड्या दिसतात. तिथे मानेतून आलेली मोठी धमनी दुभंगते. त्याच्या पुढे फक्त खालच्या टेकड्या उरतात, ती पुढच्या भागाकडे जाणारी धमनी. तिथून प्रोब जरा मागे आणि खाली वळवला की मागची धमनी. डोक्याच्या मागच्या बाजूने, कवटी मानेला मिळते त्या पोकळीतून, मेंदूच्या खोडाला रक्त देणाऱ्या धमन्या ऐकता येतात. त्यासाठी ८० ते १०० मिलिमीटर खोल जावं लागतं. पहिले काही महिने मी ही वाट रोज चालत होते. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं जे कडं आहे, त्याला थॉमस विलिस यांचं नाव आहे. त्यांनी १६६४ साली ते वर्णन केलं, तेव्हाच्या पुस्तकातली चित्रं क्रिस्टोफर रेन यांनी काढली होती, ज्यांनी पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधलं. पुस्तकातलं हे कडं पूर्ण गोल आहे. प्रत्यक्षात बऱ्याच माणसांत त्याचा एखादा दुवा बारीक असतो किंवा नसतोच, आणि एखादी धमनी बंद पडल्यावर कोण तगतो, कोण तगत नाही, ते पुष्कळदा या दुव्यांवर ठरतं.

आता बऱ्याच ठिकाणी हेच काम रंगीत डॉपलरवर, हृदयाच्या टूडी इकोचा प्रोब कानशिलावर ठेवून करतात. त्यात मेंदूचं करडं चित्रही दिसतं. मध्यभागी मध्यमस्तिष्काचा फुलपाखराच्या आकाराचा काळसर भाग सापडला की दिशा कळते आणि त्याच्याभोवती लाल-निळ्या धमन्या उजळतात. शिकणाऱ्याला हे सोपं जातं. तरी मी नव्या मुलांना आधी साध्या, चित्र नसलेल्या मशीनवर बसवते.

स्ट्रोकच्या पेशंटला आम्ही पहिल्यांदा भेटतो तेव्हा घड्याळ चालू झालेलं असतं. मोठी धमनी बंद पडली की उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशोब जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, ते पाहावं लागतं. टीसीडी ते सांगू शकत नाही. विदर्भात हे साडेचार तास रस्त्यातच संपतात. गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून नागपूरला, आणि दर ठिकाणी केसपेपर नवा.

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्धेकडच्या एका गावातून पन्नाशीचे एक शेतकरी आले होते. उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली. बरोबर मुलगा. मी विचारलं, ‘शेवटचे धडधाकट कधी होते?’ तो म्हणाला, ‘सकाळी नवाले चहा पेला तोवर बराबर होते, मॅडम. शेतात गेलो अन् तिथंच बसले.’ मुलाने मधे कुठे थांबू दिलं नव्हतं, शेजाऱ्याच्या गाडीत घालून पाऊणशे किलोमीटर थेट आणलं होतं. सीटीत रक्तस्राव नव्हता. इंजेक्शनचा दहावा हिस्सा मिनिटभरात शिरेतून दिला, उरलेलं तासाभरात जाईल असं लावलं, आणि सिस्टर दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब घेत असताना मी डाव्या कानशिलावर प्रोब ठेवला. पुढची धमनी नीट, मागची नीट. मधल्या धमनीच्या जागी, ५० ते ६० मिलिमीटरवर, काही नाही. डोक्याला प्रोब धरून ठेवणारी पट्टी बसवली आणि आम्ही तिथेच थांबलो.

बराच वेळ पडद्यावर रेघ सपाट होती. सलाईन अर्ध्याच्या पुढे गेल्यावर हृदयाच्या ठोक्यासरशी बारीक टोकं दिसायला लागली, ठोका संपला की पुन्हा सपाट. याचा अर्थ, रक्त गुठळीपर्यंत येऊन धडकतंय, पुढे जात नाही. मग त्या टोकांना पोट आलं; दोन ठोक्यांच्या मधेही थोडं रक्त सरकू लागलं. नंतर एका क्षणी आवाज एकदम चढला, तीक्ष्ण झाला. अरुंद झालेल्या वाटेतून रक्त जोराने निघालं की असा आवाज येतो. आणि हळूहळू तो खाली, गोल, भरीव होत गेला. या टप्प्यांना आम्ही शून्य ते पाच असे गुण देतो. शून्य म्हणजे प्रवाह नाही, पाच म्हणजे दुसऱ्या बाजूसारखा पूर्ण प्रवाह. ही मोजपट्टी २००१ सालची. त्या दिवशी सलाईन संपेपर्यंत आम्ही शून्यावरून चारपर्यंत आलो होतो. हाताची मूठ वळली ती त्यानंतर. बोलणं परतायला बरेच आठवडे लागले आणि काही शब्द अडखळतच राहिले.

दर वेळी असं होत नाही. कितीतरी पेशंटमध्ये तासभर बसूनही रेघ सपाट राहते. तेव्हाही त्या तपासणीचा उपयोग असतो. औषधाने वाट मोकळी होत नाही हे तिथल्या तिथे कळतं आणि मांडीच्या धमनीतून नळी घालून गुठळी ओढून काढायची की नाही, ते ठरवायला वेळ मिळतो.

या तासाभराच्या पाळतीतून एक मोठी आशा उभी राहिली होती. नुसतं ऐकत राहिल्यानेच गुठळी लवकर विरघळते का? ध्वनिलहरींच्या दाबाने औषध गुठळीत जास्त आत शिरत असेल, असा विचार होता. आंद्रेई अलेक्झांड्रोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ पेशंटवर चाचणी घेतली. २००४ साली निष्कर्ष आले. इंजेक्शनच्या जोडीला सतत टीसीडी लावलेल्या गटात ४९ टक्के पेशंटची धमनी दोन तासांत पूर्ण मोकळी झाली किंवा ते झपाट्याने सुधारले. दुसऱ्या गटात ३० टक्के. आम्ही सगळे ते वाचून भारावलो होतो. पुढे हाताविना चालणारं यंत्र डोक्यावर बसवून मोठी चाचणी झाली, तिच्यात पेशंटला अपाय झाला नाही, पण फायदाही दिसला नाही. मधल्या काळात २०१५ साली गुठळी ओढून काढण्याच्या पद्धतीचे भक्कम पुरावे लागोपाठ आले आणि पहिल्या तासाचं केंद्र सीटी अँजिओग्राफीकडे सरकलं. ते योग्यच झालं. जिथे ती सोय आहे तिथे मी टीसीडीसाठी एक मिनिटही खर्च करू देत नाही.

मग टीसीडी कशासाठी? माझ्या मते तिचं खरं मोल दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. सीटी अँजिओ त्या क्षणीची रचना दाखवते. रक्त मात्र वाहत असतं. त्याचा वेग सकाळी एक, रात्री एक, औषधानंतर आणखी वेगळा असतो. तो पाहायला पेशंटपाशी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा जाता येईल अशी ही तपासणी आहे. किरणोत्सर्ग नाही, शिरेतून औषध नाही, पेशंटला जागचं हलवायचं नाही.

आपल्याकडे, आशियातल्या इतर देशांप्रमाणेच, कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होऊन येणारे स्ट्रोक बरेच दिसतात. मधल्या धमनीतला सरासरी वेग प्रौढ माणसात सेकंदाला ५५-६० सेंटिमीटरच्या आसपास असतो; तो १०० च्या वर गेला की निम्म्याहून जास्त अरुंदपणाची शंका घ्यायची. नातेवाइकांना हे उलटं वाटतं. वाट अरुंद झाली तर रक्त हळू जायला हवं ना? मी ओलिताच्या पाइपाची आठवण देते. तोंडावर अंगठा दाबला की पाणी कमी येतं, पण जोरात उडतं. शेतकऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

अशा पेशंटचा उपचार म्हणजे गोळ्या. २०११ सालच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मेंदूतल्या अरुंद धमनीत स्टेंट बसवलेल्या गटात पहिल्या ३० दिवसांत १४.७ टक्के लोकांना पुन्हा स्ट्रोक किंवा मृत्यू आला. फक्त काटेकोर औषधं घेतलेल्या गटात ५.८ टक्के. काटेकोर म्हणजे पहिले तीन महिने रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं, नंतर एक. कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब आणि साखर आटोक्यात, तंबाखू बंद. आमच्याकडची अडचण स्टेंटची नाहीच. ‘आता बरं वाटते’ म्हणून महिन्याभरात गोळ्या सुटतात. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे पेशंटला स्वतःची धमनी ऐकवणं. मी मशीनचा आवाज मोठा करते. आधी चांगली बाजू. मग दुखणाईत बाजू. पहिल्या बाजूला शांत, सखल आवाज. दुसऱ्या बाजूला चिरका, घासल्यासारखा. एकदा एका आजोबांनी डोळे मिटून दोन्ही ऐकले आणि विचारलं, ‘हा कायचा आवाज होय, मॅडम? माह्याच डोक्यातला?’ हो म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसले. मग बायकोला म्हणाले, ‘डबीतल्या गोळ्या मोजून ठेव.’ तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी मी पुन्हा ऐकवते. वेग उतरला असेल तर ते त्यांना कळतं, चढला असेल तरी कळतं. कागदावरच्या रिपोर्टने जे होत नाही ते यातून होताना मी पाहिलं आहे.

कधी कधी रक्ताच्या आवाजात मधेच एक छोटा, सुरेल ‘टुक’ ऐकू येतो आणि पडद्यावर टेकडीच्या आत चमकदार ठिपका दिसतो. ती मेंदूकडे निघालेली सूक्ष्म गुठळी असते. पेशंटला काही जाणवत नाही. पण मानेतल्या अरुंद धमनीच्या पेशंटमध्ये तासाभराच्या पाळतीत असे आवाज आले, तर पुढचा धोका जवळ आहे असं समजून औषधं वाढवायची आणि शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवायचा नाही. तरुण माणसाला कारण न सापडणारा स्ट्रोक येतो, तेव्हा आम्ही याच आवाजाचा उलटा उपयोग करतो. ९ मिलिलिटर सलाईन आणि १ मिलिलिटर हवा दोन सिरिंजमध्ये मागेपुढे घुसळून त्याचे बारीक बुडबुडे दंडाच्या शिरेत सोडायचे आणि त्याला श्वास रोखून कुंथायला सांगायचं. एरवी बुडबुडे फुप्फुसात गाळले जातात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्मापूर्वीचं छिद्र मिटलं नसेल, तर काही ठोक्यांतच मेंदूच्या धमनीत टुकटुक सुरू होते. हृदयातलं छिद्र कानशिलावरून असं ओळखता येतं.

आयसीयूमध्ये आणखी एक प्रवाह ऐकावा लागतो. मेंदूची सूज इतकी वाढते की आतला दाब रक्तदाबाच्या बरोबरीला येतो. तेव्हा रक्त एका ठोक्यात पुढे येतं आणि त्याच ठोक्यात मागे फिरतं. रेघेच्या वर आणि खाली सारख्या टेकड्या. काही वेळाने नुसती टोकदार सूक्ष्म टोकं उरतात. अशा वेळी मी आवाज बंद करून तपासते, कारण पडद्याआड नातेवाईक उभे असतात आणि त्यांना त्या ठोक्यात जीव ऐकू येतो. मेंदूमृत्यूचं कायद्यातलं प्रमाणपत्र यावर मिळत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार डॉक्टरांच्या समितीने ठरलेल्या तपासण्या, श्वासाच्या चाचणीसह, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या असतात. पण कुटुंबाशी बोलायला कधी बसायचं, हे मला टीसीडीने अनेकदा सांगितलं आहे.

एवढी उपयोगी तपासणी असूनही ती मोजक्याच ठिकाणी होते. मशीनपेक्षा शिकलेला हात दुर्मीळ आहे. एमआरआयचं चित्र दुसऱ्या शहरातला तज्ज्ञ वाचू शकतो. टीसीडीत मात्र जो शोधतो त्यालाच सापडतं, आणि शोधायला शिकायला काही महिने कुणाच्या तरी शेजारी बसावं लागतं. दुसरा भाग नियमांचा. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा देशात पहिल्यांदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, १९९४ साली तो देशभरासाठी झाला. या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, आणि उचलून नेता येणारं मशीन नोंदणीच्या जागेबाहेर सहज नेता येत नाही; फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून वेगळी परवानगी लागते. ज्या राज्यात मुलींच्या जन्माचं प्रमाण घसरलेलं आपण पाहिलं, तिथे हा कायदा कडक असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. त्याच कायद्यात फिरत्या पथकाची वाट आहे. ती वापरायची तयारी लागते.

ही तयारी कुणासाठी, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. सिकलसेलच्या मुलांसाठी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नंदुरबारपर्यंत आदिवासी आणि दलित कुटुंबांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांचं अस्तर खराब करतात, वाट अरुंद होत जाते आणि मुलाला शाळेच्या वयात लकवा मारतो. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहत असल्यामुळे आजार आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा पुष्कळदा सौम्य असतो, हे खरं. पण सगळ्यांचा सौम्य नसतो. एका बाजूने लुळं झालेलं नऊ-दहा वर्षांचं पोर कडेवर घेऊन आलेली आई मला पुन्हा पुन्हा भेटते. ‘पोराले चांगलं होईन ना, बाई?’ असं ती विचारते तेव्हा माझ्यापाशी असलेलं कुठलंही उत्तर उशिराचं असतं.

वेळेवरचं उत्तर वैद्यकाला १९९८ पासून माहीत आहे. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत सिकलसेलच्या मुलांवर चाचणी झाली. ज्या मुलांच्या मेंदूच्या मधल्या किंवा तिच्या मुळाशी असलेल्या धमनीत सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त निघाला, त्यांतल्या निम्म्यांना नियमित रक्त देण्यात आलं. त्यांच्यात पहिल्या स्ट्रोकचा धोका ९२ टक्क्यांनी कमी झाला, इतका की चाचणी मुदतीआधी थांबवून सगळ्यांना हा उपचार देऊ केला. तेव्हापासून शिफारस आहे ती अशी की गंभीर प्रकारचा सिकलसेल असलेल्या प्रत्येक मुलाची वयाच्या २ ते १६ वर्षांपर्यंत दर वर्षी टीसीडी करावी. वारंवार रक्त देणं आपल्याकडे अवघड आहे. शरीरात लोह साठतं, दुर्गम भागात रक्तपेढी जवळ नसते. पण हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे. निवडक मुलांमध्ये वर्षभर रक्त दिल्यावर ती त्याच्या जागी चालते, हे २०१६ साली दाखवलं गेलं. आणि रक्त देणं शक्य नसलेल्या नायजेरियातल्या मुलांमध्ये टीसीडीने धोका हेरून याच गोळीने स्ट्रोक टाळता येतात, हेही पुढे दाखवलं गेलं. नागपुरात तर कमी मात्रेवर, दिवसाला वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमवर, मुलांमध्ये अभ्यास झाला आहे.

या मुलांची तपासणी हे माझ्या कामातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत समाधानाचं काम आहे. लहान वयात कानशिलाचं हाड पातळ असतं, खिडकी लगेच मिळते. पोर जागं आणि शांत हवं. रडलं किंवा झोपलं की श्वास बदलतो आणि वेगही बदलतो. म्हणून मी त्यांना स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकवते आणि ठोके मोजायला लावते. विसापर्यंत मोजेस्तोवर एक बाजू होते. वेग १७० च्या आत असेल तर पुढच्या वर्षी या. १७० ते २०० च्या मधे असेल तर काही आठवड्यांत पुन्हा. २०० च्या वर असेल तर आजच उपचार ठरवायचा. कुठल्याही जिल्हा रुग्णालयात शिकलेली एक परिचारिका किंवा तंत्रज्ञ हे करू शकते.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी हे त्याचं उद्दिष्ट आहे. या तपासणीतून गावोगावची मुलं सापडतील, त्यांना कार्डं मिळतील. माझं मागणं एवढंच आहे की ज्या मुलाच्या कार्डावर गंभीर सिकलसेल असं लिहिलं जाईल, त्याच्या कार्डावर दर वर्षीच्या टीसीडीचा आकडाही असावा, आणि तो मोजायला त्याला नागपूरपर्यंत यावं लागू नये. ज्यांना हे काम शिकायचं असेल त्यांना शिकवायला माझ्यासारखे लोक तयार आहेत. मोठ्या माणसाला स्ट्रोक आला की आमच्या हातात साडेचार तास असतात आणि त्यातले बहुतेक रस्त्यात जातात. या मुलांच्या बाबतीत दोन वर्षांच्या वयापासून सोळापर्यंतची सगळी वर्षं हातात आहेत, आणि धोका कुठे आहे ते वीस मोजेपर्यंत कळतं.